आपोआप आलेलं अक्षर

आपल्या घरात 'आपोआप' या शब्दाला फार मान असतो. कुकर आपोआप शिट्टी देतो, इस्त्री पुरेशी तापली की आपोआप थांबते, कपडे धुण्याचं यंत्र आपोआप पाणी घेतं आणि सोडतं. दुकानदार "वहिनी, सगळं ऑटोमॅटिक आहे बघा" म्हणाला की निम्मी खरेदी तिथंच झालेली असते. पण रोजचा संसार करणाऱ्या बाईला मनातून पक्कं ठाऊक असतं, की आपोआप असं काही होत नसतं. शिट्टीचं वजन कुणीतरी मोजून घडवलेलं असतं. इस्त्रीनं कधी थांबायचं ते कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. आणि एखाद्या घरी चहात आपोआप दोन चमचे साखर पडते, ती त्या घरच्या सासूबाईंनी वीस वर्षांपूर्वी ठरवून दिलेली असते! सोय होते आहे तोवर कुणी विचारत नाही. घरात कुणाला मधुमेह निघाला, की मग प्रश्न पडतो : हे ठरवलं कुणी आणि बदलायचं कुठं?

आमच्याकडे हा प्रश्न साखरेवरून निघाला नाही, एका अक्षरावरून निघाला. संगणकावरच्या 'ल' या अक्षरावरून. हसू नका, पुढं वाचा. ज्या घरात मुलं मराठी शाळेत जातात आणि टेबलावर एखादा संगणक आहे, त्या घरात हा 'ल' कधी ना कधी येणारच आहे.

मी तालुक्याच्या गावी राहते. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि धाकटा शाळेत जायला लागल्यापासून इथल्याच एका शाळेत अर्धा वेळ पहिली-दुसरीला शिकवते. सकाळी स्वयंपाक, डबे, मग शाळा. दुपारी घरी आल्यावर संगणकावर मुलांच्या सरावपत्रिका तयार करायच्या. आमचा संगणक दहा वर्षांचा जुना. २०२५च्या ऑक्टोबरात विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ काही ह्या यंत्रावर चढेना. हे म्हणाले, "नवा घेऊ." मी किमती विचारून आले आणि गप्प बसले. दिवाळीला माझ्या बहिणीचा मुलगा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, मी लिनक्स टाकून देतो. पैसे पडत नाहीत, आणि हा डबा अजून पाच वर्षं चालेल." तासाभरात त्यानं काम उरकलं. खरंच, संगणक पूर्वीपेक्षा हलका चालू लागला. पुढं शाळेतल्या चार जुन्या यंत्रांवरही सरांनी तेच केलं. पैसे वाचले, यंत्रं भंगारात जायची वाचली. तेव्हा लिनक्सबद्दल माझा राग नाही, हे आधीच सांगते.

गडबड दिसली ती सरावपत्रिकांत. मराठीत आपण 'ल' पाकळ्यांचा काढतो. मधे आखूड देठ आणि दोन बाजूंना दोन वाटोळ्या पाकळ्या. हिंदीतल्या 'ल'ला उजवीकडे सरळ उभा दंड असतो. 'श'चंही तसंच. मराठीतला देठाचा, हिंदीतला शेंडी फुटलेला. दोन्ही वळणं आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. हिंदीच्या पुस्तकात हिंदी वळण शोभतंच. पण मराठीसाठी कोणतं, याबद्दल संशय नको म्हणून महाराष्ट्र शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढला आणि २०२२च्या नोव्हेंबरात तो सुधारून पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरावा असं सांगितलं. आमच्या फळ्यावर, मुलांच्या पुस्तकात तीच अक्षरं आहेत. आणि माझ्या संगणकातून मात्र दंडाचा 'ल' आणि शेंडीचा 'श' छापून येऊ लागला.

मोठ्या माणसांना हा फरक जाणवतही नाही. आपली नजर सरावलेली असते, शब्द पाहिला की आपण पुढं जातो. पहिलीतलं मूल मात्र अक्षर वाचत नाही, ते अक्षर बघतं. त्याच्या लेखी आकार म्हणजेच अक्षर. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, पण तिच्या नावात 'श'ही आहे आणि 'ल'ही. पत्रिकेवर मी प्रत्येकाचं नाव छापून देते, खाली गिरवायला ठिपके असतात. तिनं आपलं नाव पाहिलं, मग पाटीवर स्वतः लिहिलेलं पाहिलं आणि पाटी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेच्या दाराशी उभी. शिवणकाम करते, सातवीपर्यंत शिकलेली. रात्री मशीन बंद केल्यावर मुलीकडून पाटी गिरवून घेते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाई, मी तिला इतके दिवस चुकीचं गिरवून घेतलं का हो? मी आपली पुस्तकात बघूनच काढत होते."

तिच्या चेहऱ्यावरची ती शरम मला बघवेना. मी म्हटलं, "तुमचं अक्षर अगदी बरोबर आहे. कागदावरच हिंदी वळण छापून आलंय." ती समाधानानं गेली. पण माझ्या मनातून ते जाईना. एका यंत्रानं न विचारता केलेली निवड, आणि तिच्यामुळे मान खाली घालायची एका आईनं! शिवाय ती विचारायला आली म्हणून कळलं. न विचारता मनातल्या मनात ओशाळणाऱ्या किती असतील?

त्या रात्री जेवताना विषय काढला. हे म्हणाले, "वाचता येतंय ना? मग झालं तर." भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, लिनक्समध्ये फॉन्ट आपोआप ठरतो. तिथं सहसा कुणी हात घालत नाही." उपयोगाचं बोलल्या त्या आमच्या सासूबाई. त्यांचे वडील छापखान्यात जुळारी होते. त्या म्हणाल्या, "बाबांच्या छापखान्यात दोन्ही 'ल'चे खिळे असायचे, वेगवेगळ्या खणांत. मराठी काम आलं की ह्या खणातला घ्यायचा, हिंदी आलं की त्या. तुझ्या यंत्राला काम कोणत्या भाषेचं आहे ते कुणी सांगितलंय का?"

खरं सांगते, सगळ्या भानगडीची किल्ली त्या एका वाक्यात होती. पण ती लावायची कुठं हे शोधायला मला तीन दुपारी लागल्या. तुमच्या त्या दुपारी वाचाव्यात म्हणून इथं नीट क्रमानं लिहिते.

आधी हे 'आपोआप' कोण करतं ते समजून घेऊ. लिनक्समध्ये फॉन्टकॉन्फिग नावाची एक व्यवस्था असते. कीथ पॅकार्ड या गृहस्थांनी २००२च्या सुमारास ती उभी केली आणि आज टेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात ती असते. तिचं काम लग्नघरात कोठीवर बसलेल्या आत्याबाईंसारखं आहे. कोठीत काय काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. कुणी येऊन म्हणतं, "साधं अक्षर द्या," कुणी म्हणतं, "अमुकच फॉन्ट द्या." असेल तर त्या तोच देतात, नसेल तर त्यातल्या त्यात जवळचा काढून देतात. रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा बाणा. मागणाऱ्याला पुष्कळदा कळतही नाही, की मागितलं एक आणि मिळालं दुसरं.

आत्याबाई मनानं काही करत नाहीत. त्यांच्याजवळ चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. प्रत्येक चिठ्ठीच्या नावाची सुरुवात आकड्यानं होते, आणि लहान आकड्यापासून मोठ्याकडे अशा क्रमानं त्या वाचल्या जातात. नवा फॉन्ट बसवला की तोही कधीकधी आपली चिठ्ठी बरोबर घेऊन येतो. म्हणून काल बरा दिसणारा मजकूर आज नवं काही बसवल्यावर वेगळाच दिसू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एखादा फॉन्ट मराठीला चालेल का, हे फॉन्टकॉन्फिग कसं ठरवतं? त्या भाषेला लागणारी अक्षरं त्यात आहेत की नाहीत, हे मोजून. 'क' आहे, 'ळ' आहे, 'ल' आहे, झालं, चालेल. अक्षराचं वळण कसं आहे ते ती व्यवस्था बघत नाही. संगणकाच्या हिशेबी मराठीचा 'ल' आणि हिंदीचा 'ल' एकच, दोघांचा क्रमांकही एकच. चांगल्या नव्या फॉन्टांत दोन्ही वळणं आतमध्ये काढून ठेवलेली असतात, सासूबाईंच्या वडिलांच्या दोन खणांसारखी. मजकूर मराठीचा आहे असं सांगितलं तर मराठीचं वळण बाहेर येतं. नाही सांगितलं तर जे वळण पुढं ठेवलेलं असेल ते येतं, आणि ते बहुधा हिंदीचं असतं.

आता माझ्या तीन दुपारी. पहिल्या दुपारी कोठीत डोकावले. लिनक्सवर टर्मिनल म्हणून एक खिडकी उघडते; तिच्यात हुकूम टाइप करून एंटर दाबायचं. दिसायला भीतीदायक, पण पुढचे दोन हुकूम नुसते विचारणारे आहेत, त्यांनी काहीही बिघडत नाही. पहिला : एफसी-लिस्ट, मग एक जागा सोडून अपूर्णविराम, लँग, बरोबरचं चिन्ह आणि एमआर. सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत. एफसी आणि लिस्टच्या मधे आडवी रेघ. एमआर ही मराठीची खूण आहे, हिंदीची एचआय. एंटर दाबलं की मराठीला चालणाऱ्या सगळ्या फॉन्टांची यादी समोर येते, कोणता कुठल्या कपाटात ठेवलाय त्यासकट. लिनक्सवर देवनागरीचे फॉन्ट पुष्कळ आहेत आणि नावंही गोड आहेत : गार्गी, नकुल, सहदेव, लोहित. 'लोहित' म्हणजे तांबडा; तो रेड हॅट या कंपनीनं पुढं आणला, म्हणून ते नाव!

दुसरा हुकूम आत्याबाईंना सरळ विचारणारा : मराठीसाठी साधं अक्षर मागितलं तर तुम्ही कोणता द्याल? एफसी-मॅच, एक जागा, मग सॅन्स, अपूर्णविराम, लँग, बरोबरचं चिन्ह, एमआर. उत्तर एका ओळीत येतं. माझ्याकडे आलं 'नोटो सॅन्स देवनागरी'. मग एमआरच्या जागी एचआय लिहून विचारलं. पुन्हा तेच नाव! इथंच मला उमगलं, की फॉन्ट चुकीचा निवडला जात नाहीये. नोटोत तर मराठीची वळणं आहेतच. म्हणजे फॉन्ट बरोबर, खणही दोन, फक्त उघडला जातोय हिंदीचा. भाषेची खूण कुठंतरी हिंदीची लागलेली असणार.

दुसऱ्या दुपारी ती खूण सापडली. मी पत्रिका लिब्रेऑफिसमध्ये करते. त्यात मजकुराच्या भाषेचे तीन गट केलेले आहेत : पाश्चात्त्य, आशियाई आणि 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'. आपल्याला वाटतं आपण आशियाई. पण तिथं आशियाई म्हणजे चिनी, जपानी, कोरियन. देवनागरी तिसऱ्या गटात, म्हणजे गुंतागुंतीच्यात! प्रत्येक गटाचा फॉन्ट वेगळा आणि भाषाही वेगळी. यंत्राची भाषा इंग्रजी ठेवली असेल तर तिसऱ्या गटाची भाषा बहुधा आपोआप हिंदी धरलेली असते. माझ्याकडेही तसंच होतं. मी मराठी लिहीत होते आणि कागदाच्या कपाळावर हिंदीचा शिक्का.

उपाय दोन मिनिटांचा. सगळा मजकूर निवडायचा, 'फॉरमॅट'मध्ये 'कॅरेक्टर' उघडायचं, तिसऱ्या गटाच्या भाषेत 'मराठी' निवडायचं आणि ओके. मी ओके दाबलं आणि पानभर दंडाचे 'ल' डोळ्यांदेखत पाकळ्यांचे झाले. एकही अक्षर पुन्हा टाइप केलं नाही. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता बाबांच्या खणातला आला!"

पण प्रत्येक कागदाला हेच करत बसायचं नसेल तर मुळात बदल करावा. 'टूल्स'मध्ये 'ऑप्शन्स', तिथं भाषांच्या पानावर कागदांची ठरावीक भाषा विचारलेली असते. तिसऱ्या गटापुढं मराठी निवडायचं. खाली 'फक्त या कागदापुरतं' अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर खूण नको. मग पुढचे सगळे नवे कागद मराठीच जन्माला येतात.

तिसरी दुपार शाळेत गेली. घरी सुंदर दिसणारी पत्रिका शाळेच्या यंत्रावर उघडली तर पुन्हा दंडाचा 'ल'. भाषेची खूण तर कागदाबरोबर गेली होती. मग? फॉन्टच्या नावाच्या चौकटीत पाहिलं, तर नोटोचं नाव तिरक्या अक्षरांत. लिब्रेऑफिसमध्ये नाव तिरकं दिसलं की समजावं, हा फॉन्ट या यंत्रात नाही, त्याच्या जागी दुसरा दिलेला आहे. हेच ते आत्याबाईंचं जवळचं काढून देणं. शाळेतला तो दुसरा फॉन्ट जुना होता, त्यात मराठीचा खणच नव्हता. तिथं भाषा कितीही सांगा, असणार तेवढंच मिळणार.

यावर दोन उपाय. घाई असेल तर घरूनच कागद पीडीएफ करून न्यावा. त्यात अक्षरांचे आकार बरोबर जातात, मग कुठंही छापा, वळण तेच. कायमचं करायचं असेल तर फॉन्टच त्या यंत्रात बसवावा. नोटो, लोहित यांसारखे फॉन्ट वाटायला परवानगी असते, तेव्हा पेनड्राइव्हवर नेण्यात गैर काही नाही. फॉन्टच्या फायलीवर दोनदा क्लिक केलं तर पुष्कळ ठिकाणी 'इन्स्टॉल' असं बटण येतं. नाही आलं, तर आपल्या होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डर दाखवायची. टिंबानं सुरू होणारं 'लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' (नसेल तर करायचं), तिथं फाइल ठेवायची. मग टर्मिनलमध्ये एफसी-कॅशे, जागा, आडवी रेघ आणि एफ. म्हणजे आत्याबाईंनी कोठीची यादी नव्यानं केली. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडायचं. शाळेतल्या चारी यंत्रांवर सरांनी आणि मी मिळून हे केलं, अर्धा तास लागला.

आता हे सगळं कळल्यापासून शेजारच्या बायका आणि शाळेतल्या बाई आपापले बिघडलेले कागद घेऊन येतात. त्यावरून एक गोष्ट लक्षात आली. ताप आला म्हणजे आपण लगेच औषध देत नाही, आधी घसा बघतो, पोट बघतो. तसंच 'मराठी नीट दिसत नाही' ही तक्रार एक असली तरी दुखणी वेगवेगळी असतात.

अक्षरांऐवजी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसल्या, तर त्या यंत्रात ती अक्षरं असलेला फॉन्टच नाही. एखादा देवनागरी फॉन्ट बसवा, काम झालं. या चौकटींना गमतीनं तोफू म्हणतात, त्या सोयाबीनच्या पनीरच्या वड्यांवरून. आणि 'तोफू नको' म्हणून 'नोटो' हे नाव पडलं.

सबंध पान इंग्रजी अक्षरांचा, चिन्हांचा काला दिसला, तर तो कागद जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला आहे. त्या काळी रोमन अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच असतो. इथं आत्याबाईंचा काही इलाज चालत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, ती वापरावी आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घालावा.

बाकी सगळं ठीक, पण 'ॲप', 'ॲल्युमिनियम' अशा शब्दांचं पहिलंच अक्षर जाड, बारीक किंवा परकं दिसलं, तर त्याचं कारण वेगळं. हे 'ॲ' अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही. मग तेवढं एक अक्षर दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणलं जातं. शेजारून आणलेली वाटी आपल्या वाट्यांत ओळखू येते ना, तसं. फॉन्टची नवी आवृत्ती घ्यावी. आणि जुनी काढून टाकावी, कारण एकाच नावाच्या जुन्या-नव्या दोन आवृत्त्या घरात असल्या तर कधीकधी जुनीच पुढं येते. यादीत एकच नाव दोन ठिकाणी दिसतंय का, ते पहिल्या हुकमानं बघता येतं.

दोन पानांची प्रश्नपत्रिका तीन पानांची झाली, तर तोही बदली फॉन्टचाच प्रताप. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका विंडोजवर 'मंगल' फॉन्टात केलेल्या. हा मंगल आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे, अक्षरांवर जीव टाकणारे कलावंत, २००८ साली ते गेले. पण मंगल विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर नाही. त्याच्या जागी येणाऱ्या फॉन्टची अक्षरं थोडी रुंद असली की ओळी सरकतात आणि शेवटचा प्रश्न एकटाच तिसऱ्या पानावर जाऊन बसतो. 'ऑप्शन्स'मध्ये फॉन्टांचं पान असतं. अमुक नसेल तर तमुकच दे, असं तिथं एकदा लिहून ठेवता येतं. छापण्यापूर्वी पानं मात्र पाहून घ्यावीत.

ज्यांना सगळ्याच कार्यक्रमांसाठी कायमचं ठरवून टाकायचं असेल, त्यांनी आत्याबाईंना आपली स्वतःची चिठ्ठी द्यावी. होम फोल्डरमध्ये टिंबासकट 'कॉन्फिग', त्यात 'फॉन्टकॉन्फिग', त्यात 'फॉन्ट्स डॉट कॉन्फ' या नावाची फाइल. भाषा मराठी असेल तर आधी अमुक फॉन्ट द्या, असं तिच्यात लिहिता येतं. लिहिण्याची पद्धत काटेकोर आहे, एक कंस राहिला तरी चालत नाही. म्हणून जाणकाराला शेजारी बसवून करावं. पण भिऊ नका. काही चुकलं तर पुढच्या वेळी एफसी-मॅच विचारताच कितव्या ओळीत चूक आहे ते कळतं. आणि ती फाइल काढून टाकली की सगळं पूर्ववत होतं. मूळ चिठ्ठ्यांना मात्र हात लावू नये. यंत्र अद्ययावत होताना त्या बदलल्या जाऊ शकतात आणि आपली मेहनत वाया जाते.

आणखी एक अनुभवाचं. असू देत म्हणून पन्नास फॉन्ट बसवू नयेत. रिकामे डबे जमवण्याची हौस आपल्याला असतेच, पण इथं प्रत्येक डबा 'मला आधी घ्या' म्हणत पुढं येतो आणि गोंधळ वाढतो. मराठीची वळणं असलेले दोन-तीन चांगले फॉन्ट पुरेत. निवडताना एकच ओळ टाइप करून बघावी. मी ठेवली आहे ती अशी : 'शाळेतल्या ॲल्युमिनियमच्या सुऱ्या आचाऱ्यांना द्या, आचार्यांना नको.' 'ल', 'श', 'ॲ' आणि आपला तो पापणीसारखा रफार, सगळे एका ओळीत हजेरी देतात. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला फरक पुसला गेला, तर स्वयंपाक करणारे आणि धर्म सांगणारे एकाच पंगतीला बसायचे!

नव्या पत्रिका वाटल्या त्या दिवशी त्या मुलीनं काही म्हटलं नाही. तिनं ठिपक्यांवरून आपलं नाव गिरवलं आणि पुढच्या कामाला लागली. लहान मुलांचं असंच असतं. बरोबर असलं की ती बोलत नाहीत, आणि तेच हवं असतं. तिच्या आईला मी शिल्लक राहिलेल्या चार पत्रिका दिल्या, रात्रीच्या गिरवण्यासाठी.

हे अजून म्हणतात, "एवढ्याशा अक्षरासाठी तीन दुपारी!" पण मला त्या तीन दुपारी महाग वाटत नाहीत. संगणकानं मराठीचा द्वेष केला नव्हता. त्याला भाषा कुणी सांगितलीच नव्हती, म्हणून त्यानं मोकळी जागा स्वतः भरली. मोकळ्या जागा अशाच भरल्या जातात, मैत्रिणींनो, यंत्रातही आणि बाहेरही. मुलाला शाळेत घालताना अर्जात मातृभाषेचा रकाना असतो. तो रिकामा ठेवून 'तुम्हीच काय ते लिहा' असं आपण कारकुनाला म्हणत नाही. स्वच्छ अक्षरात 'मराठी' लिहितो आणि मगच सही करतो. संगणकातही तसा एक रकाना आहे. तो जरा आत, तिसऱ्या गटात आहे, एवढंच. आज दुपारी चहा झाला की उघडून बघा, तुमच्या नावानं तिथं कुणी काय लिहून ठेवलंय ते.